आचाऱ्याचा मुलगा, शहाचा वजीर

दसऱ्याच्या पुढंमागं आमच्या भागातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. मोळीपूजन होतं, गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत वाऱ्याबरोबर मळीचा तो ओळखीचा वास घरात येत राहतो. जन्मापासून हे बघत आल्यामुळं असेल, पण कारखाना ही पावसापाण्यासारखी आपोआप असणारी गोष्ट आहे असंच मला वाटत आलं. ऊस आहे, पाणी आहे, यंत्रं विकत मिळतात, मग कारखाना उभा राहायला अडचण ती काय असणार?

अडचण काय असते ते मला पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका इराणी वजिरानं शिकवलं. मैत्रिणींनो, हसू नका. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं त्याला आता पंचवीस वर्षं झाली आणि त्यातलं बरंचसं भाकऱ्या थापता थापता विसरूनही गेले. पण मागच्या वर्षी आमच्या बचत गटाला एक मोठा फटका बसला (तो पुढं सांगतेच), नेमक्या त्याच दिवसांत या माणसाची हकीकत वाचनात आली आणि मनातून जाईचना. त्याचं नाव मिर्झा तकी खान. इराणात त्याला अमीर कबीर म्हणतात, म्हणजे थोर अमीर.

इराण म्हटलं की आपल्याला इराण्याचा चहा आणि बनमस्का आठवतो. पण कारखाना हा शब्दच मुळी फारसी आहे. कारागीर फारसी, दरबार फारसी, फर्मान फारसी. शिवकाळापासून आपल्या तोंडात बसलेले हे शब्द जिथले, त्याच देशात कारागिरांना घेऊन कारखाने काढायला निघालेल्या माणसाचं दरबारानं आणि फर्मानानं काय केलं, त्याची ही गोष्ट.

तकी खान जन्मला सुमारे १८०७ साली, फराहान भागातल्या हजावे नावाच्या खेड्यात. वडील कर्बलाई कुर्बान हे आचारी होते. काइम मकाम या मोठ्या घराण्याच्या मुदपाकखान्यात ते काम करायचे. या घराण्यातले लोक पिढ्यान् पिढ्या दरबारातले कारभारी. आचाऱ्याचा पोरगा मालकाच्या मुलांसाठी जेवणाची ताटं घेऊन जायचा आणि शिक्षकाचा धडा चालू असला की दाराशी रेंगाळायचा. एकदा मालकानं मुलांना प्रश्न विचारले, त्यांना उत्तरं येईनात, ती दारातल्या पोरानं दिली. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर त्यानं शिकायला बसू द्या एवढंच मागितलं, अशी कथा तिकडं सांगतात. थोरामोठ्यांच्या लहानपणाला अशा कथा चिकटतातच, पण आचाऱ्याचा मुलगा त्या घरात शिकला हे मात्र खरं. आणि ते जन्माचं उणंही त्याच्या बरोबर शेवटपर्यंत राहिलं. वजीर झाल्यावरही राजघराण्यातली माणसं पाठीमागं त्याला आचाऱ्याचा पोर म्हणूनच ओळखत.

मोठा झाल्यावर तो तबरीझला कारकून म्हणून लागला. तबरीझ हे युवराजाचं गाव. युवराज अब्बास मिर्झा रशियाबरोबरच्या दोन युद्धांत पोळलेला होता. इराणचा कॉकेशसकडचा सुपीक मुलूख त्या युद्धांत गेला, आणि १८२८ च्या तुर्कमानचाईच्या तहात ५० लाख तुमान खंडणी कबूल करावी लागली ती वेगळीच. नुसत्या शौर्यानं तोफांपुढं टिकाव लागत नाही हे अब्बास मिर्झाला कळलं होतं. त्यानं नव्या पद्धतीची फौज उभारली, मुलं शिकायला इंग्लंडला धाडली. त्या नव्या फौजेच्या हिशेबखात्यात तकी खान वर चढत गेला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तो तलवारीतून आलेला नव्हता. किती शिपाई कागदावर आहेत आणि किती खरोखर उभे आहेत, पगार कुणाच्या खिशात जातो, हे ज्याला ठाऊक असतं असा तो माणूस होता. आपल्याकडं घर कोण चालवतं ते डब्यातलं धान्य बघणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं, तसंच हे.

१८२९ साली तेहरानात जमावानं रशियाचा वकील ग्रिबोयेदोव्ह याला ठार मारलं. झारची माफी मागायला एक राजपुत्र सेंट पीटर्सबर्गला गेला, त्या लवाजम्यात विशीतला तकी खान होता. बरेच महिने ही मंडळी रशियात होती. त्यांना कारखाने, शाळा, इस्पितळं, तोफा ओतायच्या भट्ट्या सगळं दाखवलं गेलं. बाकीच्यांनी मेजवान्या लक्षात ठेवल्या असतील, यानं भट्ट्या लक्षात ठेवल्या. पुढं १८४३ पासून चार वर्षं तो तुर्कांच्या मुलखात एर्झुरूमला सीमेच्या वाटाघाटीसाठी राहिला. तिथं उस्मानी सुलतानाच्या राज्यात नवे कायदे, नवी करपद्धत, नव्या शाळा कशा आणतात ते त्यानं जवळून पाहिलं. १८४७ साली तह झाला.

१८४८ च्या सप्टेंबरात महंमद शाह वारला. नवा शाह नासिरुद्दीन अवघ्या सतरा वर्षांचा, आणि होता तबरीझमध्ये. तेहरानला जाऊन गादीवर बसायचं तर फौज पाहिजे, आणि फौज न्यायला पैसे पाहिजेत. तिजोरी रिकामी. तकी खाननं तबरीझच्या व्यापाऱ्यांकडून पैसे उभे केले, पलटणी शिस्तीत चालवल्या, वाटेत लूटमार होऊ दिली नाही आणि पोराला गादीवर नेऊन बसवलं. शाहनं त्याला मुख्य वजीर केलं. (आपल्याकडं याच १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव मुलींची शाळा काढत होते.)

आता या वजिराच्या हाती आलेला संसार बघा. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त. शेकडो शाहजादे, कारण आधीच्या फत्हअली शाहला मुलंबाळंच शंभराहून जास्त होती, आणि त्यांच्या लेकरानातवंडांना वर्षासनं. मुल्लांना वर्षासनं, कवींना वर्षासनं, कुणी काही करो न करो. सुभेदाऱ्या विकत घ्यायच्या आणि दिलेले पैसे रयतेकडून वसूल करायचे. आपल्या घरात असं झालं तर आपण काय करू? आधी वायफळ खर्चाला कात्री लावू. त्यानं तेच केलं. वर्षासनं कापली, दरबाराचा खर्च कापला, खुद्द शाहला ठरावीक रक्कम बांधून दिली. नजराणे बंद केले. लांबलचक पदव्या लिहायची पद्धत बंद करून नुसतं जनाब म्हणायला लावलं. हिशेब जुळायला लागले आणि शत्रू वाढायला लागले, दोन्ही एकाच वेळी. १८४९ च्या वसंतातच तेहरानातल्या पलटणींनी बंड करून वजिराला काढा म्हणून दंगा केला. त्यामागं दरबारातली माणसं होती. त्या वेळी त्याला वाचवलं ते बाजारानं. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद केली आणि ते त्याच्या पाठीशी उभे राहिले.

व्यापारी त्याच्या बाजूला का, याचं कारण त्या तहात आहे. तुर्कमानचाईच्या वेळी रशियानं लिहून घेतलं होतं की रशियन मालावर शेकडा ५ टक्केच जकात लागेल. १८४१ साली इंग्रजांनीही तीच सवलत मिळवली. म्हणजे मॅंचेस्टरचं कापड आणि रशियाची साखर एकदा ५ टक्के भरून देशभर फिरायला मोकळी. आणि इराणी व्यापाऱ्याचा माल? त्याला वाटेत नाक्यानाक्यावर रहदारीचा कर. एका गावाहून दुसऱ्या गावी जाईपर्यंत माल महाग झालेला. राज्यकर्ता आपल्या देशातल्या नव्या धंद्याला चार वर्षं तरी आधार देतो, बाहेरच्या मालावर जास्त जकात लावतो. अमीर कबीरला तेही करता येत नव्हतं, कारण जकात वाढवण्याचा हक्क युद्धात हरला तेव्हाच गेला होता. मला हे वाचेपर्यंत तह म्हणजे नकाशावरच्या रेषा एवढंच वाटायचं. तहामुळं विणकराच्या घरातला माग बंद पडतो हे लक्षात आलं नव्हतं.

त्यात रस्ते नाहीत. माल खेचरांवर नाही तर उंटांवर. एखादं जड यंत्र कॅस्पियन समुद्राच्या काठावर उतरलं तरी तेहरानला यायला मध्ये एलबुर्झचे डोंगर. ते डोंगर ओलांडून लोखंडी चाक न्यायचं म्हणजे काय झालं असेल!

जकात वाढवता येत नाही, मग त्यानं दुसरी वाट काढली. सरकारच गिऱ्हाईक व्हायचं. फौजेचे कपडे देशी कापडाचे शिवायला लावले. काश्मिरी शालींना तोड म्हणून किरमानच्या विणकरांना उत्तेजन दिलं, त्या शालीला अमिरी शाल असं नावच पडलं. माझंदरान या कॅस्पियनकाठच्या प्रांतात ऊस व्हायचा, तिथं सारी आणि बारफुरूश (आजचं बाबोल) या गावांत साखरेचे कारखाने काढले. तेहरानात कागद आणि काच, कुममध्ये काच, काशानात रेशीम, सारीला लोखंडाची ओतशाळा. खाणी खणणाऱ्या इराणी माणसाला पाच वर्षं कर माफ केला. तेहरानजवळ अमेरिकन कापूस लावून पाहिला. आणि निवडक कारागिरांना सरकारी खर्चानं रशियात पाठवलं, मॉस्को आणि पीटर्सबर्गला, की जा आणि हातानं शिकून या. शाहजाद्यांना नव्हे बरं का, कारागिरांना! आचाऱ्याच्या मुलालाच हे सुचावं.

आता सामोवारची गोष्ट. सामोवार म्हणजे चहाचं पाणी तापवायचं उभं भांडं, मध्ये निखाऱ्याची नळी असते, खाली तोटी. आपल्या बंबाची धाकटी बहीण म्हणा. रशियातून ते इराणात आलं आणि चहाबरोबर घरोघर पोचलं. इराणात सांगतात ते असं. अमीर कबीरनं इस्फहानच्या एका कारागिरापुढं रशियन सामोवार ठेवला आणि असा करता येईल का विचारलं. त्या माणसानं हुबेहूब करून दाखवला. अमीर खूश झाला. काही वर्षं सामोवार करण्याचा हक्क त्या एकट्याला दिला आणि इस्फहानच्या सरकारी तिजोरीतून त्याला भांडवल द्यायला सांगितलं. कारागिरानं जागा घेतली, भट्टी बांधली, पोरं कामाला ठेवली. पहिला माल बाजारात यायचा होता, तोवर बातमी आली की वजीर गेला. लगेच सरकारी माणसं दारात. अमीरनं दिलेले पैसे आणा. पैसे भट्टीत गेलेले, ते कुठून आणणार? घरदार विकलं तरी भागेना. त्याला बाजारातून मारत फिरवलं, त्या मारात त्याची नजर गेली आणि पुढं तो इस्फहानात भीक मागत राहिला.

ही गोष्ट मी वाचली आणि पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आमच्या गटाचं सांगते. एका कार्यालयात एक साहेब आले होते. कामाचा माणूस. त्यांनी आम्हाला शाळेचे गणवेश शिवायचं काम दिलं. बायकांनी कर्ज काढून आठ शिलाई मशीन घेतल्या. एकीनं तर गळ्यातलं गहाण टाकलं. दोन हंगाम काम चांगलं चाललं, एकही गणवेश परत आला नाही. मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले की आधीच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही. तयार झालेले गणवेश गोण्यांत भरून माझ्या पडवीत पडले आणि हप्ता भरायची तारीख काही बदली होऊन गेली नाही. आम्ही निदान अर्ज करू शकलो, बॅंकेकडून मुदत वाढवून घेतली, निम्मे पैसे उशिरा का होईना मिळाले. आम्हाला बाजारातून कुणी मारत नेलं नाही. इस्फहानच्या त्या माणसाला दाद मागायला जागाच नव्हती, कारण त्याच्याकडं होतं ते वजिराचं वचन, आणि वजिराकडं होती शाहची मर्जी. मध्ये कायदा नावाची वस्तूच नाही. तहाहून आणि डोंगराहून मोठी अडचण ही होती असं मला वाटतं.

आणि याला अमीर कबीरही थोडा जबाबदार नव्हता का? सगळी सूत्रं त्यानं स्वतःच्या हातात ठेवली होती. विरोध त्याला खपायचा नाही. बाब या नव्या धर्मपंथाच्या संस्थापकाला १८५० साली तबरीझला गोळ्या घालून मारलं, तो हुकूम त्याच्याच कारकिर्दीतला, त्याच्याच आग्रहाचा. त्या पंथाच्या लोकांचे उठाव त्यानं फार कठोरपणे चिरडले. त्याचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं बरोबर नाही.

पण त्याच माणसानं देवीची लस गावोगाव न्यायला लावली. लोक घाबरायचे. लस टोचली की अंगात जिन शिरतो अशी आवई उठली, पोरांना लपवायचे. लस नाकारणाऱ्याला दंड ठेवला तर लोक पोर टोचण्यापेक्षा दंड भरायला तयार. असंच एका बापाचं लेकरू देवीनं गेलं तेव्हा हा कठोर वजीर लहान मुलासारखा रडला, असं सांगतात. पोलिओच्या डोससाठी दारोदार हिंडलेल्या आमच्यासारख्यांना ते रडणं चांगलंच कळतं. १८५१ च्या फेब्रुवारीत त्यानं सरकारी वर्तमानपत्र सुरू केलं, त्यात लशीची माहिती यायची.

त्याचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे दारुल्फुनून, तेहरानातलं तंत्रशिक्षणाचं विद्यालय. इमारत १८५० पासून बांधायला घेतली. शिक्षक आणायचे कुठून? इंग्रज आणला तर रशिया रुसणार, रशियन आणला तर इंग्रज. म्हणून त्यानं जान दाऊद खान या आर्मेनियन दुभाष्याला ऑस्ट्रियाला पाठवलं. तोफखाना, इंजिनिअरिंग, खाणकाम, वैद्यक, औषधं असे विषय शिकवायला सात जण ठरले. ते निघाले, आणि इकडं घरात काय शिजत होतं ते आता बघू.

१८४९ साली शाहनं आपली एकुलती सख्खी बहीण इज्जतुद्दौला वजिराला दिली. ती जेमतेम तेरा-चौदा वर्षांची, तो चाळिशी ओलांडलेला, पहिल्या बायकोपासूनची मुलंबाळं असलेला. मुलीला कुणी विचारलं नसणार. राजघराण्याशी सोयरीक झाली म्हणजे वजीर पक्का बांधला गेला, असा हिशेब. शाहची आई महद-ए-उलिया त्यामुळं त्याची सासू झाली, आणि तिचं नि जावयाचं कधीच पटलं नाही. इराणच्या इतिहासात या सासूला खलनायिकाच करून टाकलंय. मला मात्र तिच्याकडं थोडं वेगळं बघावंसं वाटतं. नवरा वारल्यावर मुलगा तेहरानला पोचेपर्यंतचे कितीतरी दिवस राजधानी तिनं पडद्याआडून सांभाळली होती. शिकलेली, हुशार बाई. वजिरानं आल्या आल्या तिचे हात बांधले, तिच्या माणसांच्या नेमणुका बंद केल्या. ती चिडणारच. तिनं शाहचे कान भरले हेही खरं. पण कान भरायला काय ती एकटीच होती? वर्षासनं कापलेले शाहजादे होते, सुभेदाऱ्या हुकलेले सरदार होते, वजिरीवर डोळा ठेवून बसलेला आणि इंग्रजांचा आसरा घेतलेला मिर्झा आगा खान नूरी होता. एवढ्या पुरुषांनी मिळून केलेल्या गोष्टीचं खापर एका सासूच्या डोक्यावर फोडणं आपल्याकडंही फार जुनं आहे.

शाहही आता वीस वर्षांचा झाला होता. ज्यानं बोट धरून गादीवर बसवलं त्याची आता अडचण वाटायला लागली होती. फौज वजिराच्या ताब्यात, पैसा वजिराच्या ताब्यात. उद्या त्यानं आपल्याला काढून भावाला बसवलं तर? ही भीती रोज कुणी ना कुणी थोडी थोडी वाढत होतं. १८५१ च्या नोव्हेंबरच्या मध्याला शाहनं त्याला वजिरीवरून काढलं. नूरी वजीर झाला. रशियाच्या वकिलानं अमीरच्या रक्षणासाठी म्हणून त्याच्या घरावर आपले कोसॅक शिपाई उभे केले, आणि त्या आगाऊपणानं होतं नव्हतं तेही गेलं. परक्याचा पहारा घेणारा माणूस गद्दारच, असं शत्रूंना म्हणायला मोकळीक मिळाली. त्याला काशानला पाठवलं, तिथल्या फिन बागेत नजरकैदेत.

त्याच महिन्याच्या अखेरीला ऑस्ट्रियाचे सात शिक्षक तेहरानात पोचले. त्यांना बोलावणारा माणूस पदावर नव्हता. त्यांच्यातला डॉक्टर याकोब पोलाक पुढं अनेक वर्षं इराणात राहिला, फारसी शिकला, शाहचा वैद्य झाला. आपलं स्वागत किती थंड झालं ते त्यानं लिहून ठेवलंय. डिसेंबरच्या शेवटी दारुल्फुनूनचं उद्घाटन झालं. शंभरेक मुलं, बहुतेक बड्या घरांतली. ज्यानं ते उभारलं तो तेव्हा काशानच्या बागेत होता.

आणि इज्जतुद्दौला? भावानं आणि आईनं तिला नवऱ्यापासून वेगळं व्हायला सुचवलं होतं. ती ऐकली नाही. दोन लहान मुलींना घेऊन ती नवऱ्याबरोबर काशानला गेली. इंग्रज वकिलाची बायको मेरी शील तेव्हा तेहरानात होती आणि तिनं १८५६ साली आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्यात या मुलीच्या निष्ठेबद्दल लिहिलंय. विषाची भीती होती म्हणून नवऱ्याच्या ताटातलं आधी ती स्वतः खायची. त्याला एकट्याला ती नजरेआड होऊ देत नसे. तिच्या देखत त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण ती शाहची बहीण. सतरा वर्षांच्या आसपासची पोर, आणि तिच्या अंगाचा आडोसा करून तिनं जवळजवळ चाळीस दिवस त्याला जिवंत ठेवलं.

१० जानेवारी १८५२ ला हाजी अली खान नावाचा शाहचा अधिकारी फिन बागेत आला. एके काळी अमीरच्याच मेहेरबानीनं वर आलेला माणूस. त्याआधी दिलाशाचा निरोप येऊन पोचला होता की शाहनं माफ केलंय, सन्मानाचा पोशाख, खिलत, येतोय. खिलत घ्यायची तर न्हाऊन शुद्ध व्हायला हवं. अमीर हमामखान्यात गेला. तिथं बायको बरोबर जाऊ शकत नव्हती. दारं बंद झाली. हाजी अली खानानं शाहचं फर्मान दाखवलं. अमीरच्या दोन्ही हातांच्या शिरा कापल्या, आणि शेवटी तोंडात कापड कोंबून गळा आवळला. तो पंचेचाळीस वर्षांचा होता. वजिरी मिळून सव्वातीन वर्षं झाली होती.

कारखान्यांचं काय झालं ते थोडक्यातच सांगता येतं. बहुतेक सगळे काही वर्षांत बंद पडले. रशियात शिकून आलेल्या कारागिरांना विचारणारं कुणी उरलं नाही. नासिरुद्दीन शाहनं पुढं आणखी ४४ वर्षं राज्य केलं. त्यानंही अधूनमधून यंत्रं आणली, तीन वेळा युरोपची सफर केली. पण आपल्या माणसाला भांडवल आणि विश्वास देण्याऐवजी परक्यांना मक्ते विकणं त्याला सोपं वाटलं. १८९० साली तंबाखूचा सगळा व्यापार त्यानं एका इंग्रजाला देऊन टाकला. तेव्हा देश पेटला, धर्मगुरूंच्या नावानं तंबाखू निषिद्ध ठरली आणि शाहच्या जनानखान्यातल्या बायकांनीसुद्धा हुक्के बाजूला ठेवले. मक्ता परत घ्यावा लागला. इराणात सलग देशभर जाणारी रेल्वे झाली ती थेट १९३८ साली, दुसऱ्या राजघराण्याच्या वेळी. तिचा पैसा उभा केला तो साखर आणि चहावर कर बसवून. दारुल्फुनून तेवढं टिकलं. त्यातून डॉक्टर, इंजिनिअर, भाषांतरकार बाहेर पडले. आज तेहरानातल्या एका मोठ्या तंत्र विद्यापीठाला अमीर कबीरचं नाव आहे, आणि फिन बाग २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तो हमामखाना लोक तिकीट काढून बघतात.

इज्जतुद्दौलानं नवऱ्याला काशानात राहू दिलं नाही. तिनं त्याचं शव कर्बलाला नेऊन तिथं दफन करवलं. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, शाहनं तिचं लग्न लावून दिलं. कुणाशी, तर नूरीच्या मुलाशी. ज्यानं तिच्या नवऱ्याची जागा घेतली त्याची ती सून झाली. १८५८ साली नूरीही मर्जीतून उतरला, तेव्हा तो संसारही मोडला आणि तिला पुन्हा दुसऱ्या घरी देण्यात आलं. अमीरपासूनच्या तिच्या दोन्ही मुली शाहच्या मुलांना दिल्या, म्हणजे सख्ख्या मामेभावांना. थोरली ताजुल्मुलूक ही युवराज मुझफ्फरुद्दीनची बायको झाली. तिचा मुलगा महंमद अली १९०७ साली गादीवर आला. लोकांनी लढून मिळवलेली पार्लमेंट त्यानं १९०८ च्या जूनमध्ये तोफा लावून पाडली. आचाऱ्याच्या मुलाचा तो नातू.

आमच्या पडवीतल्या गोण्या आता संपत आल्यात. दोन मशीन विकल्या, सहा चालू आहेत. ज्या बाईनं गळ्यातलं गहाण टाकलं होतं तिनं मागच्या महिन्यात ते सोडवून आणलं. पुढचं काम घेताना कागदावर सही-शिक्का झाल्याशिवाय दोरा ओवायचा नाही, असा ठराव तिनंच मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला.